रेक्झीन पुन्हा मिळेल, टप मिळणार नाही

जुन्या ॲम्बेसेडरच्या टपावरचं रेक्झीन ठेवू की काढू, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, मागच्या काचेच्या खालच्या कडेला अंगठा दाबून पाहिलात का? तिथे पापडासारखं कुरकुरलं तर चर्चा संपली, मिस्त्रीला बोलवा. नाही कुरकुरलं तरी माझं मत काढण्याचंच आहे.

आमची गाडी मार्क फोर. वडील दक्षिण-पूर्व रेल्वेत होते. नागपूरहून गार्डन रीचच्या मुख्यालयात त्यांची बदली झाली आणि आम्ही कोलकात्याचे झालो ते कायमचेच. गाडी आली तेव्हा टपाला साधा पांढरा रंग होता. काळं रेक्झीन नंतर चढलं, शेजारच्या वकीलबाबूंच्या फियाटला लागलं म्हणून. फोर्डने १९६२ साली थंडरबर्डच्या लँडो मॉडेलवर व्हिनाइल चढवलं ते कापडी टपाच्या गाडीचा रुबाब पोलादी टपाला यावा म्हणून. तोच रुबाब विलायतेच्या कॉर्टिनावरून फिरत फिरत आमच्या गल्लीत पोचला. डेकोरेटरने टपाला सोल्यूशन फासलं, फोमचा पातळ थर दिला, वर रेक्झीन ताणलं आणि कडेची चकचकीत पट्टी बसवायला पत्र्यात ओळीने भोकं पाडली. आईला ते अजिबात आवडलं नव्हतं. एप्रिलमध्ये आत बसवत नाही, एवढंच ती म्हणाली. पण त्या घरात गाडीबाबत तिचं मत कुणी विचारत नसे.

खरी गोष्ट त्या भोकांपासून सुरू होते. उन्हाने व्हिनाइलमधला मऊपणा देणारा अंश उडून जातो. ते कडक होतं, आक्रसतं, शिवणीवर आणि कडांना सुटतं. तिथून पाणी आत शिरतं आणि फोम ते धरून ठेवतो. कोलकात्यात वर्षाला १,६०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि पाऊस नसतो तेव्हाही हवा ओली असते. वाळायला उसंत कुठे? वरून टप चकचकीत दिसतो, खाली भोकाभोवतीचा पत्रा पोखरत जातो. उघड्या रंगावर गंजाचा डाग दिसला की माणूस हालचाल तरी करतो. रेक्झीन तो डागच दाखवत नाही, म्हणून माझा त्याच्यावर राग.

इथे कुणी म्हणेल, गंजला तर दुसरा टप बसवू. कुठून आणणार? उत्तरपाड्याच्या कारखान्यातलं काम मे २०१४ मध्ये थांबलं. त्यानंतर नवी ॲम्बेसेडर निघाली नाही. पंधरा वर्षांच्या नियमाने पिवळ्या टॅक्सी मोडीत निघताहेत, मल्लिक बाजारात शोधलं तर त्यांचे कापलेले टप कदाचित मिळतीलही. पण मॉरिस ऑक्सफर्डवरून घडलेल्या या गाडीला खाली वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. खांब कापून दुसऱ्या गाडीचा टप जोडायचा म्हणजे कुशल हात हवेत, आणि ते हातही आता साठी ओलांडलेले आहेत. रेक्झीन मात्र उद्याही मीटरवर मिळेल. दोन्हींतलं काय जपायचं, हे मला तरी स्पष्ट दिसतं.

जुन्या गाड्यांच्या मित्रमंडळींत यावर वाद होतात. १९६८ पासून स्टेट्समन दैनिकाची जुन्या गाड्यांची रॅली पाहत आलेल्या या शहरात ‘मूळ रूप’ हा जिव्हाळ्याचा विषय आहे. एक पक्ष म्हणतो, कारखान्यातून आली तशी करा. दुसरा म्हणतो, गाडी जशी जगली तशी ठेवा. तुमच्या वडिलांनी हौसेने लावलेलं रेक्झीन हाही तिचा इतिहासच. या दुसऱ्या पक्षाबद्दल मला आदर आहे. म्हणूनच वडिलांनी डॅशबोर्डवर बसवलेला छोटा पंखा मी हलवलेला नाही. पंखा पत्रा खात नाही.

अपवाद एकच. कारखान्यातूनच व्हिनाइल चढवून आलेली परदेशी गाडी. अशा काही गाड्यांत टपाचा जोड झाकला जाणार म्हणून नीट घासलेलाही नसतो. तिथे व्हिनाइल काढून पत्रा उघडा ठेवला तर ते अर्धवट काम उघडं पडतं. तिथे जुनं उतरवून, पत्रा दुरुस्त करून, नवं व्हिनाइलच चढवावं.

बाकीच्यांनी मिस्त्रीसमोर उभं राहून काम करून घ्यावं. आधी आतलं अस्तर उतरवायचं, नाहीतर वेल्डिंगची ठिणगी थेट कापडावर. रेक्झीनचे लहान चौकोन कापून, गरम हवेने सोल्यूशन मऊ करत सोलायचं. पटाशीने खरवडू द्यायचं नाही. भोकं वेल्डिंगने बुजवायची. ‘लांबी भरून देतो दादा, कळणार पण नाही,’ असं मिस्त्री हमखास म्हणतो. ऐकू नका, खालून पाणी शिरलं की लांबी फुगून निघते. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारून घ्या. आणि हे सगळं डिसेंबर-जानेवारीत करा, हवा कोरडी असताना. अर्थात तेव्हा रॅलीच्या गाड्यांनी गॅरेज भरलेली असतात, त्यामुळे पूजेआधीच मिस्त्रीकडे नंबर लावून ठेवावा लागतो.