कपाटाची किल्ली कुणाकडे?

आमच्या सल्ला केंद्रातल्या एका कार्यकर्तीने केस-नोंदींचा पेनड्राइव्ह घरच्या राउटरला जोडला; सगळ्याजणींना कुठूनही वाचता यावा म्हणून. सोय खरीच. पण पासवर्ड नसेल तर त्या वाय-फायवरचा दीर, पाहुणा, कुणीही तो उघडू शकतो. एफटीपीने इंटरनेटवर खुला केला तर पासवर्डसुद्धा उघडाच प्रवास करतो. २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ पसरला तो फाइल-शेअरिंगच्या जुन्या एसएमबीतल्या त्रुटीतूनच. नवऱ्यापासून लपून राहणाऱ्या बाईचा पत्ता त्या नोंदींत आहे, हे विसरून कसे चालेल? फायली एन्क्रिप्ट कराव्यात, इंटरनेटकडचा दरवाजा बंद ठेवावा, बाहेरून लागल्याच तर व्हीपीएन वापरावे. तिने विश्वासाने सांगितलेले जपणे हे आपले काम आहे. ते राउटर बसवणाऱ्या पोरावर सोपवता येणार नाही.