ग्रहण, विळी आणि पाठीचा मणका



मागे सोयाबीनवरील पिवळ्या मोझॅकविषयी लिहिले होते. आजचा विषय मात्र पिकाचा नाही. मी बी.एस्सी. कृषी झालेला माणूस, डॉक्टर नव्हे. तरीही हे सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण अशी घरे मी एकापेक्षा जास्त पाहिली आहेत.

2024 च्या पावसाळ्यात मालेगाव तालुक्यातील एका वस्तीवर सोयाबीन पाहावयास गेलो होतो. नाव-गाव सांगत नाही. अंगणात दीड वर्षाचे लेकरू खेळत होते. गुटगुटीत, हसरे, पण चालताना एक खांदा वर आणि एक खाली. पाठ एका बाजूला वळलेली. मी विचारण्याआधीच आजी बोलल्या, "सायेब, गरान पाळलं नाई इनं. विळीवर बसून वांगे चिरले. त्याचं हे फळ." सून चुलीशी होती. तिने मान वर केली नाही. दीड वर्ष ती हे ऐकत होती.

ग्रहण कोणते, ते मी विचारून घेतले. 2022 च्या दिवाळीतले, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीचे, 25 ऑक्टोबरचे. सूर्य मावळताना लागलेले ते खंडग्रास ग्रहण आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. त्या वेळी सुनेला सातवा महिना होता आणि बाळ संक्रांतीच्या सुमारास जन्मले. एक्स-रेचा कागद घरात होता. त्यात पाठीचा एक मणका अर्धाच तयार झालेला होता, त्यामुळे कणा त्या जागी कलला. आता प्रश्न असा, की हा मणका घडला कधी?

अंगणाच्या कोपऱ्यात डालीखाली खुडूक कोंबडी तेरा अंड्यांवर बसली होती. "कधी बसवली?" म्हटले. "परवा सकाळी." मी म्हणालो, "माय, यातले एक अंडे मला द्या, मग तुम्हाला एक गंमत दाखवतो." आजींनी बरेच आढेवेढे घेतले. तेरातले एक जाते म्हणजे काय! शेवटी नातवाकडे पाहून दिले.

बशीत कोमट पाणी घेतले, चिमूटभर मीठ टाकले आणि अंडे हलक्या हाताने फोडले. पिवळ्या बलकावर तांबूस कडे दिसू लागले होते आणि त्याच्या मध्ये भाताच्या कणीएवढा गर्भ होता. हृदयाचा ठिपका लुकलुकत होता. किडी पाहण्याचे भिंग माझ्या पिशवीत नेहमी असते. ते लावून आजींना दाखवले. गर्भाच्या मधल्या रेघेच्या दोन्ही अंगांना बारीक दाण्यांच्या दोन ओळी होत्या, जणू तिफणीच्या दोन सऱ्या. वीसेक जोड्या असाव्यात. शास्त्रात यांना सोमाइट म्हणतात, आपण कायखंड म्हणू. पाठीचे मणके, बरगड्या आणि पाठीचे मांस हे सगळे या दाण्यांतून घडते. एकवीस दिवसांनी पिल्लू बाहेर येणार, आणि त्याच्या कण्याची आखणी दोन दिवसांतच निम्म्याच्या घरात पोचलेली!

कोंबडीच्या गर्भात दर 90 मिनिटांनी एक जोडी पडते, डोक्याकडून शेपटीकडे, ओळीने. वेळ इतकी ठरलेली कशी? 1976 साली कुक आणि झीमन या दोघांनी एक कल्पना मांडली. आपल्या भाषेत सांगतो. एक माणूस धुऱ्यापासून मागे मागे सरकत चालला आहे आणि दूर देवळात ठराविक वेळाने घंटा वाजते. घंटा वाजली की त्याने एक बी टोकायचे. चाल आणि घंटा दोन्ही सारख्या राहिल्या तर रोपे सारख्या अंतरावर येतात. घंटा भरभर वाजली तर रोपे दाट. 1997 साली फ्रान्समध्ये पूर्किये यांच्या प्रयोगशाळेत ही घंटा खरोखरच सापडली, तीही कोंबडीच्याच गर्भात. पेशींतला एक जनुक 90 मिनिटांच्या फेऱ्याने जागा होतो आणि निजतो. सापाच्या अंगात तीनशेवर मणके कसे, याचे उत्तरही 2008 मध्ये मिळाले. वाढीच्या मानाने त्याची घंटा फार भरभर वाजते.

हे सगळे परदेशातच झाले असे समजू नका. डॉ. लीला मुल्हेरकर या आपल्या विदुषी एडिंबर्गला वॉडिंग्टन यांच्याकडे शिकल्या. कोंबडीच्या गर्भावरचा त्यांचा निबंध 1958 साली प्रसिद्ध झाला आणि पुढे पुणे विद्यापीठात त्यांनी गर्भविज्ञानाची परंपराच उभी केली. गर्भ अंड्यातून काढून काचेच्या वाटीत वाढवायचा आणि त्याचे काय काय होते ते पाहायचे, असे ते काम. आपल्या कोंबडीच्या अंड्याने किती लोकांना शिकवले आहे!

घंटा चुकली तर काय होते? 1988 मध्ये इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी दोन दिवसांच्या आतबाहेरच्या गर्भांना थोडा वेळच जास्त उष्णता दिली. कायखंड बिघडले, पण सगळे नव्हे. एक बिघडला, मग सहा-सात नीट, मग पुन्हा एक बिघडला. चाड्याचे एक छिद्र मध्येच तुंबावे तसे. (उन्हाळ्यात खुडूक बसवणाऱ्या भगिनींनी हे लक्षात घ्यावे. विशी-पंचविशीच्या वर पारा असला की ठेवलेल्या अंड्यातही गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. वैशाखात बसवायची अंडी माठाजवळच्या ओल्या वाळूत ठेवावीत, आठवड्यापेक्षा जुनी घेऊ नयेत.) 2012 साली उंदरांवर असे दिसले, की या नाजूक काळात आईला प्राणवायू कमी पडला तर पिलाचे मणके वेडेवाकडे होतात, विशेषतः बीजातच थोडा दोष असेल तेव्हा. माणसात मात्र बहुतेक वेळा नेमके कारण सापडत नाही.

आता माणसाची घंटा. ती सावकाश, सुमारे पाच तासांनी वाजते. गर्भ राहिल्यापासून साधारण विसाव्या दिवशी पहिली जोडी पडते आणि पाचव्या आठवड्याअखेर चाळीसवर जोड्या पूर्ण होतात. संपले. त्यानंतर कण्यात नवा खंड पडत नाही.

मी आजींना बोटांवर मोजायला लावले. संक्रांतीचे बाळ, म्हणजे गर्भ राहिला अक्षय तृतीयेच्या आधी पंधरा दिवस. कण्याची आखणी वैशाखात झाली, आपण खरिपासाठी वखर घालत होतो तेव्हा. त्या वेळी सुनेला आपल्याला दिवस गेले आहेत हेही नीट कळले नसेल. दिवाळीचे ग्रहण आले तेव्हा तो मणका घडून पाच महिने झाले होते. विळीने तो कापायचा कसा?

आजी बराच वेळ बशीकडे पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "मंग वैशाखात इनं काय केलं?" मला हसू आले आणि वाईटही वाटले. म्हटले, "काही केले नाही, माय. तुम्हीही नाही, तिनेही नाही."

अशा लेकराची पाठ वाढीबरोबर आणखी वळू शकते, म्हणून हाडांच्या डॉक्टरांना ठरलेल्या वेळी दाखवत राहावे. मणक्यात असा दोष असला तर मूत्रपिंड आणि हृदयही तपासून घ्यावे लागते, कारण ते त्याच सुमारास घडत असतात. अंगणवाडीत तपासणीचे पथक येते, त्यांच्यापासून लपवू नये. आणि ज्या घरात पाळणा हलावा अशी इच्छा आहे, तिथे फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिवस जाण्याआधीपासूनच सुरू कराव्यात, आशाताईंना विचारावे. त्या गोळ्या या अर्ध्या मणक्यावरचा उपाय नव्हेत. पण मज्जारज्जूची नळी चौथ्या आठवड्यात मिटते, ती नीट मिटावी म्हणून त्या आहेत, आणि पाळी चुकल्याचे कळून दवाखाना गाठेपर्यंत तो आठवडा बहुधा निघून गेलेला असतो.

निघताना सून पाणी घेऊन आली. तिने पहिल्यांदाच तोंड उघडले आणि विचारले, "साहेब, दुसरंही असंच होईन का?" मी म्हणालो, बहुतेकदा होत नाही, पण काही घरांत बीजाचा दोष असतो, म्हणून पहिल्याचे कागद घेऊन मोठ्या दवाखान्यात आधी विचारावे. आजी म्हणाल्या, "मी जाईन तिच्यासंगं."

उरलेल्या बारांतून नऊ पिल्ले निघाली, असा पुढे निरोप आला.