आधी सात माणसे, मग गरज?

आपल्या वसईत संस्थांचा दुष्काळ आहे, असे कोणी म्हणणार नाही. चार मित्र एकत्र आले की पहिला ठराव संस्थेच्या नावाचा, दुसरा बोधचिन्हाचा आणि तिसरा उद्‌घाटनाच्या पाहुण्यांचा होतो. संस्था कोणासाठी, हा प्रश्न मात्र 'आयत्या वेळच्या विषयां'त ढकलला जातो. या उलट्या क्रमालाच आमचा विरोध आहे.

१८६०च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात माणसे लागतात. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातही सातच माणसे निवडली गेली, परंतु केव्हा? ग्रीक भाषिक विधवांची रोजच्या वाटपात उपेक्षा होते, ही तक्रार कानी आल्यावर. तिथे आधी उपाशी विधवा होत्या, मग सात सेवक आले. आपल्याकडे आधी सात पदाधिकारी ठरतात आणि मग ते विधवांच्या शोधात निघतात!

१८३३ साली पॅरिसमध्ये वीस वर्षांच्या फ्रेडरिक ओझानामने सोबत्यांसह व्हिन्सेंट दि पॉल संस्थेचा पाया घातला. सिस्टर रोझाली रांद्यू यांनी या तरुणांना गरिबांच्या घरांचा रस्ता दाखवला आणि घरभेट हेच त्यांच्या कार्याचे मूळ ठरले. १९१८ साली मोन्सिनियर मोनीस यांनी बसीन कॅथॉलिक पतसंस्थेची मुहूर्तमेढ रोवली, ती कर्जाच्या विळख्यात सापडलेला शेतकरी डोळ्यांपुढे ठेवून. ती सहकारी संस्था, धर्मादाय नव्हे. पण क्रम तोच.

आज आपल्यापुढची गरज कोणती? मुले परदेशी वा मुंबईत, आणि वाडीतल्या घरात अंथरुणाला खिळलेली आई. तिला कूस पालटून द्यायला, औषधाची वेळ सांभाळायला, तिची शुश्रूषा करून थकलेल्या सुनेला दोन तासांची उसंत द्यायला माणूस नाही. या कामासाठी संस्था जरूर निघावी. पण आधी एकाच धर्मग्रामातील अशी घरे मोजा. त्यांना काय हवे, हे आपण ठरवू नये, त्यांनाच विचारावे. हे काम दुसरे कोणी करीत असेल, तर अहंकार गिळून त्यांच्या हाताखाली उभे राहावे.

'नोंदणीशिवाय देणगी कोण देणार?' असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. लोकांचा पैसा हाती घ्यायचा तर नोंदणी हवीच. मात्र आठवड्याचे दोन तास द्यायला कोणत्या प्रमाणपत्राची गरज आहे? सहा महिने हे तास देऊन पाहावे. जे टिकतील, तेच खरे विश्वस्त. शिवाय नोंदणीने काम संपत नाही, सुरू होते. दरवर्षी हिशेबतपासणी करावी लागते आणि विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवावे लागते. ज्या संस्थेत अध्यक्ष जन्मभर बदलतच नाही, तिला ही दुसरी तसदी पडत नाही, एवढेच!

दयाळू शोमरोनी आठवा. त्याने जखमा बांधल्या, उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले आणि अधिक खर्च झाला तर परत येताना भरण्याचा शब्द दिला. सेवा, तजवीज, हिशेब आणि पुन्हा येण्याचे वचन: संस्थेची सारी घटना एवढ्यात आली. त्याचे नावदेखील आपल्याला ठाऊक नाही. नव्या संस्थांच्या प्रवर्तकांनी पाटी रंगवायला देण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे.