त्यागाचे जामीनदार

मोठ्या माणसाने किती त्याग केला हे आपण कौतुकाने मोजतो. तो कोणाच्या खात्यातून झाला, हे सहसा विचारत नाही. उभी हयात बँकेत गेल्यामुळे मला मात्र कर्जदाराच्या आधी जामीनदाराची सही शोधायची खोड आहे.

महर्षी कर्व्यांचेच घ्या. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी संस्था काढली, १९०० मध्ये ती हिंगण्याला नेली. फर्ग्युसनमध्ये शिकवून पायी तिकडे जात. १९५८ मध्ये ‘भारतरत्न’ मिळाले, ते पुरेपूर कमावलेले. पण आनंदीबाईंचे, म्हणजे बाया कर्व्यांचे, ‘माझे पुराण’ही वाचावे. अण्णांनी विम्याची पॉलिसीसुद्धा संस्थेला देऊन टाकली. घरात मुले आणि संसार बायांच्या पदरी. त्या स्वतः बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. कामाचे मोल त्यांना कोणी सांगायला नको होते. त्यांना एवढेच हवे होते, की आधी विचारावे.

अण्णांची थोरवी याने उणावत नाही. स्वतःचा घास देणे पुण्याचे. ताटातला दुसऱ्याचा घास देताना मात्र त्याची संमती लागते, हेतू कितीही उदात्त असो. आजही सत्कारमूर्ती अभिमानाने सांगतात, ‘मी घराकडे कधी पाहिलेच नाही.’ टाळ्या पडतात. पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनीही वाजवतात.