गुणांस प्रकरण हवे

शब्दार्थाचा निर्णय कसा करावा हे शिकविताना आमचे शास्त्रीबुवा एक उदाहरण हटकून देत. यजमान म्हणाला, "सैंधव आण." सैंधव म्हणजे मीठ, आणि सैंधव म्हणजे सिंधुदेशीचा घोडाही. यजमान पाटावर बसला असेल तर मीठ आणावे, प्रवासास निघाला असेल तर घोडा. शब्द एकच, अर्थ ठरतो तो प्रकरणाने. हे जुने उदाहरण परवा आम्हांस अगदी अनपेक्षित ठिकाणी उपयोगी पडले, म्हणून ती हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहो.

पेण आणि रोहे यांच्या दरम्यानच्या एका गावी माध्यमिक शाळेस अकरावी-बारावीचे वर्ग जोडून थोडीच वर्षे झाली आहेत. तेथील मुख्याध्यापक आमचे जुने सहकारी. त्यांच्या एका विद्यार्थिनीने विलायतेतील विद्यापीठांकडे अर्ज करण्याचे योजिले; शिष्यवृत्ती मिळाली तरच जाणे, हे उघड. तिकडे असे अर्ज 'यूकॅस' या एकाच संस्थेमार्फत जातात व सोबत शाळेचे पत्र लागते. २०२४ सालच्या प्रवेशापासून या पत्राचे तीन भाग केलेले आहेत. पहिल्यात शाळेची सर्वसाधारण माहिती, दुसऱ्यात अभ्यासास बाधक अशी काही परिस्थिती असल्यास ती, आणि तिसऱ्यात विद्यार्थ्याविषयी सांगण्याजोगे अन्य काही. मुख्याध्यापकांनी मसुदा आमच्याकडे धाडला. त्यात ज्ञानगंगा होती, दीपस्तंभ होता, संस्थेचे उदात्त ध्येय होते. मुलीच्या गुणांचा अर्थ लावण्यास उपयोगी पडेल असे वाक्य मात्र एकही नव्हते.

असे पत्र पूर्वी लागत नसे. मुंबई विद्यापीठ १८५९ सालापासून मॅट्रिकची परीक्षा स्वतःच घेई; पारखणारा आणि प्रवेश देणारा एकच. रोह्यास बालपण घालविलेले चिंतामणराव देशमुख १९१२ साली त्या परीक्षेत पहिले आले आणि पुढे केंब्रिजला गेले. त्यांच्याहून काही महिन्यांनीच वडील असलेले, पेण तालुक्यातील गागोद्याचे विनोबा यांनी १९१६ साली आपली प्रशस्तिपत्रके अग्नीच्या स्वाधीन केली. असामान्यांस कागद असला काय आणि नसला काय, सारखेच. सामान्य घरातल्या हुशार मुलाचे सारे भवितव्य मात्र कागदावरच अवलंबून असते. आपल्याकडेही २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठे सामायिक प्रवेशपरीक्षा घेऊ लागली आहेत. तेथे शाळेच्या पत्रास फारसे काम नाही. परंतु परमुलखातील प्राध्यापकापुढे 'शेकडा ८१' एवढाच आकडा गेला, तर त्याने त्याचे मीठ समजावे की घोडा?

आम्ही मसुदा पुन्हा लिहावयास घेतला. बारावीची परीक्षा राज्य मंडळ घेते, अकरावीची मात्र शाळाच घेते, हे प्रथम लिहिले. शाळेत विज्ञानाचे मोजकेच विषय शिकविले जातात. अमुक विषय मुलीने घेतला नाही याचा अर्थ तो तिला नको होता असा नव्हे, तो येथे नव्हताच. बाहेर पडलेल्या तुकड्या इतक्या थोड्या की त्यांवरून अनुमान काढू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दहावीपर्यंत या मुलांचे शिक्षण मराठीतून झालेले असते व अकरावीस विज्ञान एकदम इंग्रजीतून सुरू होते. काल ज्यास 'त्वरण' म्हटले त्यास आज 'ॲक्सिलरेशन' म्हणावयाचे. 'प्रकाशसंश्लेषण' जाऊन 'फोटोसिंथेसिस' यावयाचे. पहिले सहा महिने बुद्धीची निम्मी शक्ती शब्द ओळखण्यातच खर्च होते. अकरावीचे गुण दहावीहून उतरलेले दिसतात ते बहुधा यामुळे.

दुसऱ्या भागापाशी मात्र मुख्याध्यापक अडले. मुलीचे घर गणपतीच्या कारखान्याचे. आषाढापासून भाद्रपदापर्यंत घरातील प्रत्येक हात रंगकामास लागतो; त्यामुळे अकरावीस तिची हजेरी त्या दिवसांत फार कमी भरली होती. मुख्याध्यापकांनी ती गोष्ट गाळली होती. "गुरुजी, हे लिहिले तर कमीपणा दिसेल," ते म्हणाले. आम्ही विचारले, "हजेरी लपेल, पण गुण कोठे लपवाल? कारण न सांगितल्यास वाचणारा तिला आळशी समजेल." ते थोडा वेळ गप्प राहिले व मग स्वतःच लिहू लागले.

आणखी एक वाद झाला. अर्ज जानेवारीपर्यंत जावयाचे आणि मंडळाची परीक्षा त्यानंतर. म्हणून अपेक्षित गुण शाळेनेच कळवावे लागतात. मुख्याध्यापकांच्या मनात ९५ होते, सहामाहीत मिळाले होते ८१. माया आम्हांसही कळते. पण फुगविलेल्या आकड्यावर प्रवेशाची अट ठरली आणि ती पुरी झाली नाही, तर जागा मुलीची जाते. शिवाय नव्या शाळेजवळ शब्दावाचून दुसरे भांडवल नसते. तो एकदा खोटा पडला, की पुढच्या वर्षीच्या मुलांनी काय करावे? अखेर विषयशिक्षकांस विचारून, त्यांना मनापासून पटेल तेवढाच आकडा घातला.

हा उपदेश करताना आमचे आम्हांसच ओशाळे वाटत होते. उभ्या नोकरीत शाळा सोडल्याचे किती दाखले लिहिले असतील! प्रगती 'समाधानकारक', वर्तणूक 'चांगली'. पहाटे कोसभर चालत येणारा मुलगा, आईच्या आजारपणात घर सांभाळून शिकलेली मुलगी, या सर्वांस आम्ही त्याच दोन शब्दांत वाटेस लावले. आमच्याजवळ त्यांचे प्रकरण होते. ते आम्ही लिहिले नाही. रकाना लहान होता ही सबब खरी, पण पुरेशी नव्हे.

पत्र गेले आहे. उत्तर यावयाचे आहे. ते कसेही येवो, आमच्या वाचकांस एकच विनंती. निकालाच्या दिवशी माजघरात चुलत-आत्ते भावंडांचे गुण शेजारी शेजारी मांडले जातात आणि वडील मंडळी एका वाक्यात निवाडा करून मोकळी होतात. तो निवाडा करण्यापूर्वी मुलास जवळ बसवून, वर्ष कसे गेले, एवढे विचारावे. परक्या प्राध्यापकाने आपल्या मुलाचे प्रकरण समजून घ्यावे अशी अपेक्षा करावयाची, तर प्रथम ते घरातल्यांना ठाऊक हवे.