'पुट अप' आणि आपण

आमचे सारे उमेदीचे आयुष्य सरकारी कचेरीत गेले. तेथे फाइलीवर रोज वाचावा लागणारा इंग्रजी शब्दप्रयोग म्हणजे 'पुट अप'. अर्थ एवढाच की, खालच्या टेबलाने कागद वरच्या टेबलापुढे सादर करावेत. कचेरीत तो खपून गेला, कारण तो तेथलाच. परंतु निपाणीच्या एका लग्नघरी यजमानांनी पाहुण्यांना लॉजवर 'पुट अप केले', आणि बेळगावच्या एका सुशिक्षित गृहस्थांनी मराठी फलकांसाठीचा अर्जही 'पुट अप केला'! इंग्रजीच्या हिशेबानेही हे चुकलेच. अर्जदार अर्ज देतो. तो वर सादर करणे हे कारकुनाचे काम. फलक मराठीत हवेत म्हणून भांडणाऱ्यांनी अर्जाचे क्रियापद मात्र उसने आणावे, याला काय म्हणावे?

मराठीत इतका लवचिक शब्द नाही, असे काहीजण सांगतात. हे निव्वळ अज्ञान होय. इंग्रज याच एका शब्दाने तंबू ठोकतो, पाहुणा उतरवून घेतो, उमेदवारही उभा करतो. आपल्याकडे प्रत्येकास स्वतंत्र क्रियापद आहे. कचेरीपुरते बोलायचे तर शेजारी पाहावे. कन्नडात अंदाजपत्रक 'मंडिसतात', मराठीत 'मांडतात'. शब्द एकाच कुळातला, आणि आपण तिसऱ्याच्याच दारी!

याच शब्दाला पुढे 'विथ' लागले की अर्थ पालटतो. वृत्तपत्रे त्यास सरसकट 'सहन करणे' म्हणतात; आम्हांस ते मान्य नाही. दुखणे सोसायचे असते, अपुरी जागा चालवून घ्यायची असते, उद्धटपणा मात्र खपवून घ्यायचा नसतो. येथे 'घेणे'चा मूळ अर्थ उरत नाही, जसा 'अप'मधला 'वर' उरत नाही. ज्या युक्तीचे इंग्रजीत कौतुक करायचे, ती आपल्या संयुक्त क्रियापदांत शाळेत असतानाच आपण शिकलो होतो.

१ नोव्हेंबर १९५६ पासून सीमाभागाने पुष्कळ सोसले. पुष्कळ गैरसोयी चालवून घेतल्या. १९६७ चा महाजन अहवाल मात्र खपवून घेतला नाही. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तो त्याच भूमिकेतून. या तीन गोष्टी एकाच इंग्रजी शब्दात कोंबल्या तर त्यांतला फरक नातवंडांना कळावा कसा?

निदान आपल्या मंडळाच्या येत्या बैठकीच्या इतिवृत्तात चिटणीसांनी ठराव 'मांडला' असेच लिहावे, एवढी विनंती.