यानाचे पंख आणि आमची माती

अवकाशयान म्हटले की अग्निबाणाच्या गर्जनेचेच कौतुक अधिक होते. परंतु अग्निबाणाचे कार्य काही मिनिटांत आटोपते. पुढे वर्षानुवर्षे यानास जिवंत ठेवते ती त्याच्या सौरपटलांची वीज. या पटलांची खरी प्रगती आकारात नसून द्रव्यांत आहे, असे आम्हांस वाटते.

छपरावर वीज अपुरी पडली तर आणखी एक पटल बसविता येते. यानास ती मुभा नाही. तेथे वजनाचा हिशेब काटेकोर असतो आणि सूर्यापासून दूर जावे तसा प्रकाशही क्षीण होतो. 2013 साली निघालेल्या आपल्या मंगळयानास मंगळापाशी सुमारे 840 वॅट, म्हणजे एका इस्त्रीपुरत्या विजेवर सारा संसार चालवावा लागला.

1958 च्या ‘व्हॅनगार्ड-1’ उपग्रहावरील सिलिकॉनचे घट प्रकाशाच्या जेमतेम दशांशाची वीज करीत. आजचे उत्तम अवकाशघट सुमारे 30 टक्क्यांची करतात. एकट्या सिलिकॉनला सूर्यकिरणांतील सर्व रंगांचा सारखा लाभ घेता येत नाही. म्हणून तीन थर रचले गेले. वरचा इंडियम-गॅलियम फॉस्फाइडचा थर निळा-हिरवा प्रकाश टिपतो, मधला गॅलियम आर्सेनाइडचा तांबडा, आणि उरलेला अवरक्त तळचा जर्मेनियमचा. अवकाशातील विद्युत्‌भारित कणांचा मारही हे घट सिलिकॉनपेक्षा अधिक सोसतात.

गॅलियम मुख्यतः बॉक्साइट शुद्ध करताना हाती लागते. 2023 साली चीनने गॅलियम व जर्मेनियम यांच्या निर्यातीवर नियंत्रणे आणली, तेव्हा या चिमूटभर द्रव्यांचे मोल जगास कळले. डिचोलीकरांस हा धडा नवा नाही. येथील लोहखनिज वर्षानुवर्षे मांडवीतून बार्जींनी परदेशी गेले. 2012 मध्ये खाणकाम थांबले, तेव्हा ट्रक दारात उभे राहिले आणि कित्येक घरांची मिळकत आटली. खनिज नुसते विकणाऱ्यापाशी अखेर खड्डा उरतो. त्याचे गुण ओळखून त्यावर संस्कार करणाऱ्यापाशी विद्या उरते.

गॅलियम व जर्मेनियम यांचे भाकीत मेंडेलेयेव्हने 1871 मध्ये आवर्तसारणीतील रिकाम्या जागांवरून केले होते; ती द्रव्ये 1875 व 1886 मध्ये प्रत्यक्ष सापडली. पेडणे-डिचोलीच्या शाळांत ही सारणी केवळ पाठ करण्याची वस्तू राहू नये. विद्यार्थ्यांनो, आकाशाची स्वप्ने अवश्य पाहा. परंतु तेथे जाणारी वाट रसायनशाळेतून जाते. पालक व शिक्षक यांनी त्या शाळेचे दार सताड उघडे ठेवावे, एवढीच आमची विनंती.